शिक्षक येतात कुठून?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना पाहण्याचा योग मला आला नाही. मला बोलवायला त्यांचे तीन विद्यार्थी आले होते. बाई कशा होत्या, असं विचारल्यावर तिघांनीही एकच उत्तर दिलं, "फार माया होती हो त्यांच्यात." चहा होईपर्यंत कळलं की तिघांपैकी दोघी शिक्षिका होत्या आणि तिसरे गृहस्थ बँकेतून निवृत्त झाले होते. माया तिघांच्याही वाट्याला आली होती. मग दोघीच शाळेत का गेल्या आणि हे बँकेत कसे गेले? तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात घोळतोय. आजचं बोलणं त्याच्याभोवतीच असेल.

पाच सप्टेंबरला आपण भाषणं ऐकतो. "माझ्या शिक्षकांमुळं मी शिक्षक झालो," असं सांगणारा एक तरी वक्ता असतोच. पुढं ठरलेला प्रसंग येतो. गुरुजींनी परीक्षेची फी भरली, बाईंनी डब्यातली पोळी दिली, सरांनी रात्री घरी येऊन चौकशी केली. हे सगळं खरं असतं आणि ऐकताना घसाही दाटतो. पण त्या बाईंनी डब्यातली पोळी आणखी पंचवीस मुलांना दिलेली असते. त्यातला कुणी एसटीत कंडक्टर होतो, कुणी डॉक्टर, कुणी शेती बघतो. बाईंना विसरत कुणीच नाही, पण हातात खडू घेणारा एखादाच निघतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शेवटची बस गाठायची आहे त्यांची अडचण व्हायला नको. मायेनं कृतज्ञ विद्यार्थी घडतात. शिक्षक घडायला त्यापुढचं काहीतरी व्हावं लागतं. त्या शिक्षकानं आपलं काम जवळून पाहू द्यावं लागतं. मग कधीतरी, समोरचा पुरता तयार होण्याआधीच, त्यातला एक तुकडा त्याच्या हाती सोपवावा लागतो. ज्या शिक्षकांनी शिक्षक घडवले त्यांच्या बाबतीत मला हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. त्यातलं एक घराणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं, ते कोसबाडचं.

मुंबईहून गुजरातकडे निघालं की डहाणूच्या पुढं घोलवड लागतं. चिकूच्या वाड्यांचा हा मुलूख. समुद्राच्या अंगाला बोर्डी आणि आत कोसबाडची टेकडी. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं, तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या. दादरच्या शिशुविहारामुळं मुंबईत त्यांचं नाव झालेलं होतं. बसून मान घ्यावा असं ते वय. पण शहरातल्या पांढरपेशांच्या मुलांसाठी जे केलं ते खेड्यातल्या गरिबाच्या मुलांपर्यंत गेलंच नाही, ही बोच त्यांना होती. म्हणून त्या तिथं गेल्या. त्याच वर्षी त्याच टापूत गोदावरी परुळेकर आणि किसान सभा वारल्यांना वेठीविरुद्ध उभं करत होत्या, हेही लक्षात ठेवायला हवं. ज्या मुलांसाठी बालवाडी काढायची त्यांचे आईबाप सावकार-जमीनदाराच्या रानात वेठीला जुंपलेले होते. दोघींच्या वाटा वेगळ्या होत्या, पण मुलूख एकच. बालशिक्षणाचा इतिहास लिहिणारे हा शेजार सांगत नाहीत, याचं मला नवल वाटतं.

आणि तिथं अनुताई वाघ आल्या.

अनुताईंचं आधीचं आयुष्य थोडक्यात सांगतो. जन्म १७ मार्च १९१०, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत नवरा गेला. त्या काळी अशा मुलीचं पुढं काय होई, ते या सभागृहातल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. अनुताई शिकल्या. १९२५ साली व्हर्नाक्युलर फायनल झाल्या, १९२९ साली पुण्याच्या महिला ट्रेनिंग कॉलेजातून शिक्षिकेचं प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडल्या. नाशिक जिल्ह्यात चार वर्षं नोकरी केली, मग पुण्यात हुजूरपागेत आल्या. दिवसा शिकवायचं आणि रात्रशाळेत स्वतः बाकावर बसायचं, असं करून १९३७ साली मॅट्रिक झाल्या. पदवी तर पन्नाशी ओलांडल्यावर, १९६१ साली घेतली.

१९४५ साली कस्तुरबा ट्रस्टच्या ग्रामसेविकांसाठी बोरिवलीला शिबिर होतं. तिथून अनुताई ताराबाईंकडं आल्या. तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या. सोळा वर्षं शिकवून झालेलं, पुण्यातल्या नामवंत शाळेतली नोकरी हाताशी. म्हणजे ताराबाईंमुळं अनुताई शिक्षिका झाल्या असं म्हणता येत नाही, कागदोपत्री त्या कधीच्याच शिक्षिका होत्या. तरी मला वाटतं, शिक्षिका म्हणून त्यांचा खरा जन्म बोर्डीचा. माणूस एकदा प्रमाणपत्रानं शिक्षक होतो, दुसऱ्यांदा कुणाच्या तरी सहवासानं. पुष्कळांना ही दुसरी वेळ लाभतच नाही आणि तरी ते निवृत्तीपर्यंत बिनबोभाट पोचतात.

मग ताराबाईंनी नेमकं दिलं काय? त्यांनी अनुताईंपुढं एक न सुटलेलं काम ठेवलं. मुलं शाळेत येत नाहीत, आता काय करायचं?

हे काम जवळून बघण्यासारखं आहे. माँटेसोरींची पद्धत ताराबाईंना चांगली अवगत होती. पण दट्ट्यांची पेटी आणि गुलाबी मनोरा पाड्यावर न्यायचा कसा, आणि त्याला पैसे आणायचे कुठून? म्हणून साधनं बदलली. बिया, शंख-शिंपले, खडे, पानं, फुलं असं जे आवारात आणि किनाऱ्यावर सापडेल ते साधन झालं. रंग ओळखायचे तर पानाफुलांवरून, लहानमोठं ओळखायचं तर खड्यांवरून. तरी मुलं येईनात. तेव्हा लक्षात आलं की मुलांनी शाळेत यावं ही आपली अपेक्षाच उलटी आहे. शाळाच पाड्यावर जाऊ दे. बाईंनी सकाळी पाड्यावर जायचं, हाका मारून पोरं गोळा करायची, अंगण झाडायचं, पाणी आणायचं. मग मुलांची तोंडं धुवायची, आंघोळ घालायची, नखं काढायची, केस विंचरायचे. गाणी, गोष्टी, खेळ सगळं त्यानंतर. त्या अंगणातल्या बालवाडीला अंगणवाडी म्हणू लागले.

आपण 'मायाळू शिक्षिका' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर डोक्यावरून फिरणारा हात येतो. पाड्यावर त्या हाताला उवा काढाव्या लागत होत्या, खरजेवर मलम लावावं लागत होतं. पुण्याच्या मुलींच्या शाळेत दहा-अकरा वर्षं काढलेल्या बाईला हे करावं लागलं, आणि शेजारी पन्नाशी ओलांडलेल्या ताराबाई होत्या. यात प्रवचनाला जागाच कुठं होती?

पुढचा पेच आणखी अवघड निघाला. सहा-सात वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड असतं. त्याहून थोडा मोठा मुलगा येत नाही, कारण तो गुरांमागं असतो. घरचं पोट त्या दोघांवर चाललेलं. इथं 'पालकांमध्ये जागृती करायला हवी' असा ठराव करून मोकळं होता आलं असतं. आपण अजून तेच करतो. बोर्डी-कोसबाडला त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. कडेवरचं भावंड पाळणाघरात ठेवायचं आणि ताईनं शेजारच्या वर्गात बसायचं. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. गुरं जिथं चरतात तिथंच शिक्षकानं जायचं. एक डोळा गुरांवर आणि एक अक्षरांवर, तर तसं. पुढं १९५६-५७च्या सुमाराला हा सगळा पसारा बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेला.

या गोष्टी ताराबाईंच्या नावावर लिहिल्या जातात, अनुताईंच्याही नावावर लिहिल्या जातात, आणि नेमकी कुठली कल्पना कुणाची हे वेगळं काढणं जड जातं. मला ती या नात्याची सगळ्यात मोठी खूण वाटते. आपल्याकडं गुरुशिष्यांच्या जोड्या पुष्कळ, पण शिष्याचं नाव गुरूच्या सावलीत घेतात. ताराबाई-अनुताई ही नावं मात्र आपण जोडीनं घेतो, एका दमात. ताराबाई १९७३ साली गेल्या. त्यानंतर कोसबाडचं काम अनुताईंनी १९९२ साली स्वतः जाईपर्यंत ओढलं, बालवाडीताईंच्या प्रशिक्षणाचे वर्ग घेतले, मासिकांतून लिहिलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक त्यांच्यासोबत आदिवासी मुलांच्या शिक्षणात उतरले, ते रमेश पानसे. त्या दोघांनी मिळून ग्राममंगल ही संस्था उभी केली. म्हणजे अनुताईंना जे ताराबाईंकडून मिळालं ते त्यांनी पुढं तशाच तऱ्हेनं दिलं. काम समोर ठेवलं आणि बरोबरीनं करायला घेतलं.

मागं जाऊन पाहिलं तर ताराबाईंचीही गोष्ट हीच आहे. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुख होत्या. शिक्षिका तयार करणाऱ्या संस्थेची प्रमुख, याहून पक्की जागा काय असणार? ती सोडून १९२३ साली त्या भावनगरला दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेत गेल्या, कारण तिथं गिजुभाई बधेका होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं या विचारातून माँटेसोरींच्या पद्धतीकडं वळले, १९१६ साली दक्षिणामूर्तीत आले, १९२० साली तिथं बालमंदिर काढलं. मुलांवरच्या मायेपायी लोकांनी त्यांना 'मूछाळी मा', मिशावाली आई, असं नाव दिलं होतं. पण ताराबाई तिथं केवळ ती माया बघून थांबल्या असत्या, तर भावनगरची एक चांगली आठवण घेऊन परत गेल्या असत्या. गिजुभाईंनी त्यांना लिखाणात घेतलं, शिक्षणपत्रिकेत घेतलं. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, त्यात ताराबाई उमेदवार नव्हत्या, सहकारी होत्या. येऊन तीन वर्षं झालेल्या बाईला बरोबरीची जागा देणारा माणूस, आणि तोही त्या काळातला! मिशावाल्या आईचं हे कौतुक कमी सांगितलं जातं.

गिजुभाईंना मात्र असं कुणी मिळालं नव्हतं. लहान मुलगा आणि एक पुस्तक, एवढ्यावर ते वकिलीतून बाहेर पडले. साखळीची पहिली कडी कधीकधी अशीच असते. पुढच्या कड्यांना मात्र माणूस लागतो.

आता थोडं माझं. आमची शाळा जिल्हा परिषदेची, वर्ग सात आणि शिक्षक तीन. हे गणित ज्यांना ठाऊक आहे ते हसतायत, मला दिसतंय. एक गुरुजी पगारपत्रक घेऊन तालुक्याला गेले, दुसऱ्यांना कसलीशी मोजणी लागली, की उरलेल्या एकांनी सातही वर्ग बघायचे. मग सातवीतल्या आम्हा काही जणांना पहिली-दुसरी वाटून दिली जायची. यात विशेष काही नाही, गावोगाव हेच चाललेलं असे. विशेष होतं ते आमच्या गुरुजींचं नंतरचं वागणं. शाळा सुटली की पायरीवर पानाची चंची उघडून बसायचे आणि बोलवायचे. "पोरं शांत होती का?" असं त्यांनी कधी विचारलं नाही. विचारायचे, "गप्प कोण होतं?"

मी एकदा सांगितलं की अमका मुलगा चिंचोके बरोबर मोजतो, पण फळ्यावरचं विचारलं की शेजाऱ्याकडं बघतो. गुरुजींनी पान लावायचं थांबवून दोनदा खोदून विचारलं. कुठं बसतो? पाटीवर कसं लिहितो? मान वाकडी करतो का? दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो तर तो मुलगा फळ्यासमोर, पहिल्या रांगेत बसलेला. गुरुजी मला काही बोलले नाहीत. शाबासकी नाही, पाठीवर थाप नाही. पण माझ्या सांगण्यावरून एका मुलाची जागा बदलली होती, आणि गुरुजींनी माझं म्हणणं, बारा-तेरा वर्षांच्या पोराचं म्हणणं, सहकाऱ्याचं ऐकावं तसं ऐकलं होतं. पुढं मी मास्तर का झालो याची मुलाखतीत द्यायची उत्तरं पुष्कळ आहेत. खरं कारण ती बदललेली जागा असावी, असा माझा अंदाज आहे.

यावर हरकत येऊ शकते आणि ती वाजवी आहे. मुलांकडून शिकवण्याचं काम फुकटात करून घेणं यात कसलं थोरपण? इतिहासात तसं झालंही आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल मद्रासला एका अनाथालयाची शाळा चालवत होते. आपल्याकडच्या शाळांत मोठी मुलं धाकट्यांना शिकवतात हे त्यांनी पाहिलं आणि ती रीत इंग्लंडला नेली. तिथं जोसेफ लँकेस्टर यांनीही तशीच पद्धत चालवली. एका मास्तराकडं शेकडो मुलं, मधे मॉनिटरांची फळी. सगळं स्वस्तात. त्यातून शिक्षक घडले की नाही, हा तिथं मुद्दाच नव्हता. मुद्दा खर्चाचा होता. मग आमच्या गुरुजींचं आणि त्या पद्धतीचं अंतर कुठं? शाळा सुटल्यावरच्या त्या पायरीवर. काम दिल्यानंतर त्या कामाबद्दल कुणी तुमच्याशी बोलतं का, तुम्ही पाहिलेलं कुणी खरं मानतं का, यावर ते ठरतं. नाहीतर ती नुसती बिगारी.

याच फुटपट्टीनं आजच्या अंगणवाडीकडं पाहावंसं वाटतं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बाल विकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. चांगलंच झालं, लाखो मुलांच्या तोंडात घास पडला. पण सेविकेच्या हाती आपण काय सोपवलं? रजिस्टरं सोपवली, आता मोबाइलवरचं पोषण ट्रॅकर सोपवलं. वजन, उंची, हजेरी, आहार, सगळं भरायचं, आणि दर महिन्याला मानधनाची वाट बघायची. कोसबाडला ताईला प्रश्न दिला जात होता, इथं रकाने दिले जातात. तरीही रकाने भरून उरलेल्या वेळात मुलांना गाणं शिकवणाऱ्या ताया मी पाहिल्यात. त्या कुठल्या योजनेमुळं तसं करत नाहीत, एवढं नक्की.

साताऱ्याचं उदाहरण थोडं वेगळं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांकडं पदवी नव्हती आणि वर्गात उभं राहून शिकवणारे म्हणून त्यांची ख्याती नाही. ऑक्टोबर १९१९ मध्ये काले इथं रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह सुरू झालं, १९२७ साली गांधीजींनी त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव दिलं. वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, स्वतः स्वयंपाक करायची, एका पंगतीला जेवायची, शेतात राबायची. वसतिगृह अडचणीत आलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवलं नाही. आईची माया म्हणायची ती हीच. आणि तिथली कितीतरी मुलं पुढं रयतच्याच शाळांतून शिकवायला उभी राहिली. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे त्या बोर्डिंगचं नाव घेतलं की हमखास आठवणारं उदाहरण. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला माणूस वकिलीकडं न वळता रयतच्या कॉलेजात शिकवायला लागला आणि शेवटी शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला.

मला वाटतं, इथं लक्ष्मीबाईंच्या दागिन्यांइतकंच महत्त्व त्या स्वयंपाकघराला आहे. मुलं नुसती पोसली जात नव्हती. बोर्डिंग चालवण्यात त्यांचा हात होता, धाकट्यांची जबाबदारी थोरल्यांवर होती. मग १९३५ साली भाऊरावांनी शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं आणि पुढं खेडोपाडी शाळा निघाल्या, तेव्हा तिथं जायला माणसं घरातच तयार होती. त्यांना 'गरिबांच्या मुलांशी कसं वागावं' हा पाठ वेगळा द्यावा लागला नाही.

इथं जोतीराव फुले आठवतात. १८८२ साली हंटर आयोगापुढं त्यांनी जे निवेदन दिलं त्यात प्राथमिक शिक्षक कुठून यावेत हा प्रश्न त्यांनी थेट घेतला आहे. शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, गरज पडली तर नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हातात धरायला लाजणारे नसावेत, मुलांच्या घरच्यांत सहज मिसळणारे असावेत. आणि लगेच पगार. दरमहा किमान १२ रुपये, मोठ्या गावी १५ ते २०. तत्त्व सांगून झाल्यावर लगेच आकडा सांगणारा माणूस मला फार आवडतो. शिक्षकाच्या पोटाला किती लागतं हे न बोलता प्रेरणेवर बोलत राहणं म्हणजे रिकाम्या चुलीवर फोडणी देणं.

जोतीराव स्वतः कशामुळं शाळेकडं वळले? अहमदनगरला मिस फरार या अमेरिकन मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या, हे त्यांनीच नोंदवलं आहे. पाहिलं, पटलं आणि १८४८ साली पुण्यात शाळा काढली. सावित्रीबाईंना आधी घरी शिकवलं, शिक्षिकेचं रीतसर प्रशिक्षण घ्यायला लावलं आणि मग शाळा त्यांच्या हाती दिली. सावित्रीबाईंवर फेकलेल्या शेणाची गोष्ट आपण मुलांना सांगतो, पण प्रशिक्षणाची सांगत नाही. त्या शिकून, तयारीनं उभ्या राहिल्या होत्या. नवऱ्याच्या ध्येयामागं नुसती फरपट झालेली बाई म्हणून त्यांच्याकडं पाहणं हा त्यांच्यावर अन्यायच आहे.

आता आजच्याकडं येतो, कारण इथं पुढच्या रांगेत अध्यापक विद्यालयातली मुलंमुली बसली आहेत आणि माझ्या बोलण्यात आपण कुठं येतो हे ती मघापासून शोधतायत.

तुमच्यापैकी किती जणांना तुमच्या शिक्षकांनी सांगितलं होतं, "तू शिक्षक हो"? हात फार वर आले नाहीत. आणि किती जणांना, "हुशार आहेस, कशाला मास्तरकीत पडतोस"? बघा. मी जिथं जातो तिथं हीच तऱ्हा. हुशार मुलाला या वाटेवरून परत फिरवायला सगळ्यात आधी शिक्षकच उभे असतात. त्यांचंही चुकत नाही. डी.एड. करा, टीईटी द्या, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टलवर नाव लागायची वाट बघा. नाव लागलंच तर तीन वर्षं शिक्षणसेवक. २०२३ साली मानधन वाढलं तेव्हा प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला १६ हजार झाले, त्याआधी कित्येक वर्षं ते ६ हजारच होतं. अनुदान नसलेल्या शाळांत काय चालतं ते मी इथं बोलायला नको, बोललो तर अर्ध्या लोकांना नावं आठवतील. अशा वेळी ज्याला या पेशानं पोळलंय तो शिक्षक आपल्या लाडक्या विद्यार्थ्याला 'ये' म्हणत नसेल, तर ती त्याची मायाच आहे. म्हणून मी म्हणतो, या प्रश्नात माया एकटी पुरत नाही. कधीकधी ती दार बंद करते.

आणि जे येतात त्यांचं आम्ही काय करतो? आंतरवासिता. पाठ टाचणं काढा, साहित्य करा, मार्गदर्शकाची सही घ्या. सरावाच्या शाळेत छात्राध्यापक पोचले की तिथले काही गुरुजी मनात म्हणतात, चला, आता महिनाभर सुटलो. वर्ग पोरांच्या स्वाधीन करून ऑफिसात ऑनलाइन माहिती भरत बसतात. त्या बिचाऱ्यांनाही ती कधीतरी भरायचीच असते. पण अनुभवी शिक्षक वर्गात कसा वागतो हे त्या मुलीला दिसत नाही, आणि तिनं काय पाहिलं हे तिला कुणी विचारत नाही. निरीक्षण वहीत तेरा मुद्दे असतात. 'आवाज स्पष्ट होता', 'फळ्याचा वापर केला'. गप्प कोण होतं, हा रकाना मला अजून कुठल्या वहीत सापडलेला नाही.

माझी मागणी साधी आहे आणि ती मी प्रशिक्षणाशी संबंधित माणसांपुढं वेळोवेळी मांडली आहे. ज्या शिक्षकाकडं छात्राध्यापक द्यायचे त्याच्या आठवड्यातल्या काही तासिका कमी करा आणि तो वेळ या मुलांशी बोलण्यासाठी अधिकृतपणे लावा. दोघांनी एकाच वर्गात बसायचं, आलटून पालटून शिकवायचं आणि संपल्यावर अर्धा तास मुलांबद्दल बोलायचं. टाचणाबद्दल नाही. उत्तर ठरलेलं असतं की वेळापत्रकात बसत नाही. बालदिनाचं, पोषण माहाचं, स्वच्छता पंधरवड्याचं बसतं, ते मी रोज बघतो.

संयोजक घड्याळ दाखवतायत. अध्यापक विद्यालयाच्या मुलांनी चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून दिले आहेत, त्यातल्या पहिल्याच चिठ्ठीत विचारलंय की १६ हजारांत पुण्यात खोली कुठं मिळते. तिथूनच सुरुवात करू.